‘नॅनो हळद लावा, स्टेरॉइड सोडा’ या मेसेजला उत्तर

सोरायसिस आणि एक्झिमाच्या रुग्णांना हा मेसेज वारंवार येतो: नॅनो-कर्क्युमिन क्रीम (हळदीतलं पिवळं द्रव्य, म्हणजे कर्क्युमिन, अतिसूक्ष्म कणांत भरून केलेलं) शंभर टक्के मुरून रक्तात जातं, घरचा हळदीचा लेपही तेच काम करतो, नैसर्गिक असल्याने अपाय नाही, म्हणून स्टेरॉइड मलम बंद करा.

आधी लेप. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्केच असतं. त्याचा रेणू ३६८ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं एकक), म्हणजे त्वचेतून जाण्यासाठी मानल्या जाणाऱ्या ५०० डाल्टनच्या मर्यादेत बसणारा. अडचण आकाराची नाही, विरघळण्याची आहे. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि न विरघळलेला कण कातडीवर नुसता बसून राहतो. लग्नात हळद लावल्यावर तळवे पिवळे होतात, तो रंग वरच्या मृत पेशींना चढलेला असतो. त्या झडल्या की रंगही जातो. दाह असतो त्याखालच्या जिवंत थरांत.

नॅनो तंत्राचा उपयोग इथेच होतो, पण मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही. इथोसोम म्हणजे अल्कोहोल असलेल्या स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशव्या; त्यांतलं अल्कोहोल मृत पेशींमधली स्निग्ध द्रव्यं सैल करतं. घन लिपिडचे (स्निग्ध पदार्थाचे) सूक्ष्म कण कातडीवर पातळ थर धरतात, ओल उडू देत नाहीत आणि सुटं झालेलं कर्क्युमिन आत सरकतं. कण स्वतः बहुतेक वरच किंवा केसांच्या मुळांशी राहतात. आणि रक्तात जावं असं कोणाला हवंय? दाह त्वचेत आहे, तर औषधानेही तिथेच थांबायला हवं. चांगलं क्रीम बनवणाऱ्याची खरी कसोटी तीच.

‘शंभर टक्के’ला आधार नाही. डुकराच्या कानाच्या कातडीवर प्रयोगशाळेत मोजून साध्या क्रीमपेक्षा किती जास्त उतरलं ते कळतं. चट्टे ओसरले का, हे रुग्णांवरच्या चाचणीतच कळतं.

जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावरचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, हा दाखलाही मेसेजमध्ये असतो. ते रद्द झालं कारण हा वापर आपल्याकडे आधीपासून माहीत होता. त्वचेत किती मुरते, हा तिथे प्रश्नच नव्हता.

‘अपाय नाही’ हे तर धोक्याचं. हळदीची ॲलर्जी होते, आणि एक्झिमात कातडीचं कुंपण आधीच मोडलेलं असल्याने क्रीममधलं नकोसंही आत जातं. जास्त ताकदीचं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर सोरायसिस उसळतो, काहींना अंगभर पू भरल्यासारखे फोड येतात. मलम कमी करायचं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारून, टप्प्याटप्प्याने करा.