स्टाइन्स गेटचे पहिले बारा एपिसोड: एका प्रतिक्रियेला उत्तर

आधी थँक्यू, स्टाइन्स गेट या जपानी ॲनिमे सिरीजवर एवढी मोठी प्रतिक्रिया लिहिलीत त्याबद्दल. बहुतेक जण "मस्त" लिहून जातात, तुम्ही चोवीसच्या चोवीस एपिसोड बघून भांडायला आलात, हे मला जास्त आवडलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की पहिल्या बारा एपिसोडमध्ये काहीच घडत नाही, टाइम ट्रॅव्हलचे नियम लेखकाच्या सोयीने वाकतात, शेवट ही चीटिंग आहे आणि मी आंधळी फॅन आहे म्हणून मला यातलं काही दिसत नाही. (सिरीज न बघितलेल्यांनी इथेच थांबा, पुढे सगळं उघड करणार आहे.)

पहिल्या मुद्द्यावर मी अजिबात मागे हटणार नाही. मीसुद्धा पहिल्यांदा चौथ्या एपिसोडला सोडली होती आणि जवळजवळ वर्षाने परत धरली, त्यामुळे कंटाळा येतो हे मान्य. पण काहीच घडत नाही? अहो, ओकाबे हा कॉलेजातला पोरगा मित्रांबरोबर ज्या फोन जोडलेल्या मायक्रोवेव्हवर प्रयोग करतो, त्यात केळं ठेवलं की त्याचा हिरवा गिळगिळीत जेल होतो, त्यावर सगळे हसतात, आपणही हसतो, आणि मग सर्न या संशोधन संस्थेच्या हॅक केलेल्या फाइल्समध्ये तसाच जेल झालेल्या माणसांचे रिपोर्ट सापडतात. ते वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता, कारण केळ्याची गंमत तोवर चांगली अंगवळणी पडली होती. किंवा पहिल्याच एपिसोडमधलं ते कॅप्सूलमधून निघालेलं धातूचं खेळणं घ्या, मेटल उपा, ओकाबेच्या बालमैत्रिणीला, मायुरीला मिळतं आणि लगेच हरवतं, आणि चोविसाव्या एपिसोडमध्ये तिसरं महायुद्ध होणार की नाही हे त्या एका खेळण्यावर येऊन थांबतं!

आणि डी-मेल. पहिल्या अर्ध्यात ओकाबेच्या ग्रुपमधला एकेक जण त्याच मायक्रोवेव्हमधून भूतकाळात एक छोटासा मेसेज पाठवून आपली इच्छा पुरी करून घेतो. फेरिसला तिचे वडील परत मिळतात, मुलगा असलेल्या लुकाला मुलीचा जन्म मिळतो, ओकाबे भविष्यातून आलेल्या सुझुहाला थांबवून घेतो म्हणजे तिला तिचे बाबा शोधता येतील. तेव्हा हे सगळं सुट्टीतल्या उद्योगासारखं वाटतं. मग बाराव्या एपिसोडला मायुरी मरते, आणि तिला वाचवायचं तर हे सगळे मेसेज एकेक करून रद्द करावे लागतात, म्हणजे वाण्याच्या वहीत मजेत लिहिलेली उधारी आता एकेका मित्राच्या दारात जाऊन वसूल करायची. फेरिसला स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागतं की माझे बाबा परत जाऊ देत. सुझुहाचं ते पत्र, 1975 साली जाऊन स्मरणशक्ती गमावून बसलेल्या मुलीचं, ज्यात "मी हरले" हेच पुन्हा पुन्हा लिहिलंय, ते मला अजून सलग बघवत नाही. आता सांगा, त्या पोरांबरोबर बारा एपिसोड नुसतं बसून काढले नसते, तर यातलं काय लागलं असतं? चार एपिसोड कापले असते तर कथा तीच राहिली असती, रडू आलं नसतं.

नियमांबद्दल मात्र तुमच्याशी निम्मी सहमत आहे. मेसेजला 36 बाइटची मर्यादा, टाइम लीपला (आपल्या आठवणी भूतकाळातल्या स्वतःला पाठवायच्या, तो प्रकार) 48 तासांची, हे छान घट्ट आहे, त्या मर्यादांमुळेच ओकाबेला डोकं लढवावं लागतं. पण माणसाच्या सगळ्या आठवणी, तीन टेराबाइटच्या वर, त्याच 36 बाइटमध्ये दाबून बसवायच्या आणि कारण काय तर कृष्णविवर, हे मी कधीच मनापासून मान्य केलं नाही. जगरेषा, म्हणजे भूतकाळ बदलला की तयार होणारं वेगळं वास्तव, बदलली तरी आठवणी फक्त ओकाबेच्याच शाबूत का, याचंही तो रीडिंग स्टाइनर असं भारदस्त नाव देतो, स्पष्टीकरण देत नाही.

शेवट चीटिंग आहे हे मात्र चूक. ओकाबे कुरिसूचा, त्याच्या ग्रुपमधल्या शास्त्रज्ञ मुलीचा, मृत्यू बदलत नाही, तो स्वतःला फसवतो. पहिल्या एपिसोडमध्ये त्याने रेडिओ काइकान या इमारतीत काय पाहिलं? रक्ताच्या थारोळ्यात पडलेली कुरिसू. मेलेली आहे हे त्याने मानलं, तपासलं कुठे? मग तेच दृश्य परत जसंच्या तसं उभं करायचं, फक्त ती जिवंत ठेवून, आणि नकली रक्त वाळलेलं निघतं तेव्हा स्वतःचं द्यायचं. हा नियम मोडणं नाही, नियमातली फट पहिल्याच एपिसोडपासून आपल्यासमोर होती. तुम्ही खरं तर उलट विचारायला हवं होतं, की हीच युक्ती मायुरीसाठी का नाही चालली? अल्फा नावाच्या जगरेषांच्या गटात तिचं मरण ठरलेलंच, एवढंच उत्तर मिळतं, आणि ते मला आजही अपुरं वाटतं.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार तुमच्या यादीत नाहीच. लुका. "पण तो मुलगा आहे" हे पालुपद ओकाबे पुन्हा पुन्हा म्हणतो, ते विनोद म्हणून ठेवलंय आणि मला ते टोचतं. पुढे लुकाला आपलं मुलगी असणं परत द्यायला लावतात, मायुरीच्या जिवासाठी, आणि त्या दुःखाला जेमतेम एक एपिसोड, त्यातही अर्धा वेळ अवघडलेली डेट. फेरिसच्या वडिलांना जेवढा मान दिला तेवढा याला दिला नाही. ओकाबेच्या हॅकर मित्राचे, इतारूचे, कुरिसूला चावट वाक्यं बोलायला लावणारे विनोदही तसेच, एकदा ठीक, दहाव्यांदा नको होतात. आणि मायुरी, जिच्यासाठी सगळा आटापिटा, तिला स्वतःला काय हवंय हे कुणी फारसं विचारतच नाही. 2011 ची सिरीज आहे म्हणून मी हे सोडून देत नाही, आवडती आहे म्हणूनच जास्त लागतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, याचाच पुढचा भाग, स्टाइन्स गेट झीरो, बघू का. ती 2018 ची, 23 एपिसोडची, आणि त्यात कुरिसूला वाचवण्याच्या पहिल्या प्रयत्नात हरून बसलेला ओकाबे आहे, परत जायला नकार देणारा. लगेच सुरू करू नका. आधी 2015 मध्ये दाखवलेला तेविसाव्या एपिसोडचा बदललेला, बीटा भाग बघा, मग झीरो लावा. आणि झाली की इथे परत या, त्यातल्या अमेडियस नावाच्या AI बद्दल मला तुमच्याशी बोलायचंय.