21 दिवस, लिंबूपाणी आणि बाहेरून कडी

‘21 दिवसांत दारूमुक्ती, डॉक्टरची गरज नाही’ हा मेसेज तुमच्याही ग्रुपवर फिरला असेल. एरवी असली फॉरवर्ड मी न वाचताच पुसते. पण हा कराडच्या मावशीकडून आला आणि खाली तिचा प्रश्न होता: ‘शनिवारपासून करू का गं? काकांना सांगणार नाहीये.’ काकांना सकाळी थोडी पोटात गेल्याशिवाय दाढीचं ब्लेड धरता येत नाही, इतके हात थरथरतात.

मेसेजमधला दुसरा मुद्दा सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तोच घेते. ‘पहिल्या दिवसापासून थेंबही नाही. खोलीत ठेवा, बाहेरून कडी लावा. थरथर, घाम, बडबड म्हणजे विष बाहेर पडतंय. लिंबूपाणी द्या.’

कसलं विष? वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी स्वतःला सतत चेतवत राहतो. दारू अचानक तोडली की गुंगी जाते, चेतवणं मात्र चालूच राहतं. 6 ते 24 तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. काहींना दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसं ओळखू येत नाहीत, ताप आणि रक्तदाब चढतो. यात माणूस दगावू शकतो. तेही कडी लावलेल्या खोलीत, आणि बाहेर घरचे समाधानात की विष निघतंय! दवाखान्यात याच दिवसांत ठरावीक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, बी-1 जीवनसत्त्वाचं इंजेक्शन देतात, लक्ष ठेवतात. मावशीला तेवढ्यासाठीच तातडीनं फोन केला: कडी नाही, शनिवार नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञ.

फक्त शनिवारी मित्रांबरोबर प्यायला बसणारा एकदम थांबला तर त्याला बहुधा काही होत नाही, हे खरं. ‘आमच्या भाच्याची अशीच सुटली’ या कहाण्या तिथूनच येतात.

‘ऐकत नसेल तर जेवणातून पावडर द्या.’ त्या पावडरीत डायसल्फिरम (दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून देतात ते औषध) असेल आणि वर माणूस प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब कोसळणं, प्रसंगी मृत्यू. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. चोरून नाही.

21 दिवसांचा आकडा आला 1960 च्या एका पुस्तकातून. लेखक मॅक्सवेल माल्ट्झ हे प्लास्टिक सर्जन. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढे लंडनमध्ये संशोधक फिलिपा लॅली यांनी 96 जणांना नवी सवय लागायला किती दिवस लागतात ते तपासलं, तेव्हा मधला आकडा 66 दिवस निघाला आणि पल्ला 18 ते 254. तेही जेवणाबरोबर फळ खाणं वगैरेंसाठी.

‘इच्छाशक्ती नाही म्हणून सुटत नाही.’ इच्छा लागते, मान्य. पण इरादा बराच बदलला तरी वागणं त्यामानानं थोडंच बदलतं, हे वेब आणि शीरन या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये 47 प्रयोग एकत्र करून दाखवलं. ‘पगाराच्या दिवशी स्टँडवर उतरायचंच नाही, एक थांबा आधी उतरून घरी’ असं आधीच ठरवलेलं, नुसत्या शपथेपेक्षा जास्त उपयोगी पडतं.

आणि ‘समुपदेशन म्हणजे गप्पा’? मग गोव्याचं काय? तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगत’ संस्थेनं, डॉक्टर नव्हे तर प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून, जास्त पिणाऱ्या पुरुषांशी फार तर चार बैठकांत बोलणं करवलं. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय. तीन महिन्यांनी, मागचे 14 दिवस अजिबात न प्यायलेले 42 टक्के. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात 18. जे पीतच राहिले त्यांचं प्रमाण फारसं घटलं नाही, आणि काकांसारखे पूर्ण अवलंबून असलेले या प्रयोगात नव्हते. तरीही गप्पांच्या मानानं हे पुष्कळ झालं.

शेवटचं कलम, ‘एकदा जरी प्यायला तर सगळं शून्य, चारचौघांत लाज काढा.’ मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी हीच गोष्ट 1980 च्या दशकात उलगडून दाखवली होती: एक घोट गेला की ‘आता मोडलंच, मग पुरी पिऊ’ हा विचारच माणसाला परत बाटलीपर्यंत नेतो. मेसेज तो विचार घरच्यांच्या तोंडी घालतो. घसरला तर त्या दिवशी काय झालं, कोण भेटलं, खिशात किती होते, एवढं शांतपणे विचारा. कुठे जावं कळत नसेल तर 14446 ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट.