जाळी बसली म्हणजे नस नवी झाली नाही

"डॉक्टर काई म्हणो, आता माही नस नवी झाली. मोबाइलवर आलं ना बाप्पा!" मोठेबाबा परवा ओट्यावर बसून मला सांगत होते. दोन वर्षांपूर्वी नागपूरला मांडीतून त्यांच्या पोटातल्या महाधमनीत, म्हणजे हृदयापासून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, जाळीचा ग्राफ्ट (कृत्रिम नळी) बसवला. धमनीची भिंत तिथे फुग्यासारखी फुगली होती, तो फुगा ५.८ सेंटीमीटरचा होता. तिथली धमनी एरवी साधारण २ सेंटीमीटरची असते. आता मोबाइलवरच्या त्या मेसेजपायी त्यांनी यंदाची तपासणी चुकवली, बीपीची गोळीही तीन आठवडे बंद. तोच मेसेज गावातल्या आणखी तिघांकडे निघाला, म्हणून त्यातला एकेक दावा घेऊन हे लिहितो आहे.

'जाळी बसली की धमनी कायमची बरी, पुन्हा तपासू नका.' हे वाक्य माणसाचा जीव घेईल. ग्राफ्टने धमनी बदलत नाही. विहिरीवरचा फुगलेला पाइप तसाच ठेवून आतून दुसरा पाइप सरकवावा, तसं हे काम. फुगलेली भिंत बाहेर राहतेच. पुढे वरच्या टोकाशी धमनी रुंदावली की ग्राफ्टची पकड सुटू शकते, तो खाली सरकतो. कधी कमरेकडच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटं त्या जुन्या फुग्याच्या पिशवीत शिरतं. पिशवी वाढत जाते आणि दुखत काहीच नाही. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००४ दरम्यान १२५२ रुग्ण दोन गटांत वाटले, एका गटाला जाळी, दुसऱ्याला पोट उघडून ऑपरेशन. १५ वर्षांचा हिशेब 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आला. पहिल्या सहा महिन्यांत जाळीवाले कमी दगावले. आठ वर्षांनंतर मात्र त्यांच्यातच मृत्यू जास्त, आणि फुग्यापायी गेलेल्यांत मुख्य कारण तीच जुनी पिशवी फुटणं. म्हणून जाळीवाल्यांनी आयुष्यभर तपासणी करायची.

'स्कॅनने किडनी जाते.' अर्धं खरं आहे, मान्य. सीटीच्या वेळी शिरेतून देतात ते औषध कमजोर किडनीला त्रास देऊ शकतं. मग क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) तपासा, डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा डॉपलर सोनोग्राफीवर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) भागतं. तपासणीच सोडा, असं त्यातून निघत नाही.

'पोट उघडणं जुनाट.' पोट उघडून शिवलेला ग्राफ्ट चांगला टिकतो. पण जखमेत हर्निया होतो, टाक्यांपाशी बऱ्याच वर्षांनी नवा फुगाही येऊ शकतो, तेव्हा त्यांनीही काही वर्षांनी दाखवावं. आणि मेसेजातल्या लसूण-लिंबाच्या काढ्याने फुगा बसत नाही.

'ऑपरेशननंतर बिडी-खर्रा चालतो' हे वाचून मात्र डोकंच फिरलं. टाळता येण्याजोग्या कारणांत बिडी-सिगारेट या आजाराचं सर्वांत मोठं कारण. ऑपरेशनातून वाचलेले कितीतरी जण पुढे हृदयविकाराने जातात, तिथेही तंबाखू आहेच.

आणि पोटात किंवा कमरेत अचानक जोराची कळ आली, घाम सुटला, चक्कर आली, तर गॅसची गोळी देत बसू नका. गाडी काढा आणि पोचल्याबरोबर "पोटात ग्राफ्ट आहे" हे आधी सांगा.

मोठेबाबा म्हणतात, "कापूस येचून झाला का जाऊ." मी सोमवारची तारीख घेतली आहे. मोठीआईने फाइल काढून ठेवली.