सगळी उदाहरणं युरोपचीच काहून?

लेख चांगला हाय भाऊ, पण सस्तन प्राण्यांच्या दातांवरून खडकाच्या थराचं वय कसं काढतात हे सांगाले आपल्याकडचं एकही उदाहरण नाही? सुरत जिल्ह्यात वस्तानची लिग्नाइट खाण हाय, तिथं कॅम्बेथेरियमचे जबडे अन् दात निघाले, घोडा-गेंड्याच्या खानदानाजवळचं जनावर, आणि त्याच खाणीत समुद्रातले न्युम्युलाइट्सपण हायेत, नाण्यासारख्या चपट्या कवचाचे एकपेशीय जीव, तर त्यांच्यावरून त्या जनावरांचं वय साधारण ५.४ कोटी वर्षं बसवता येते. खरी मजा इथंच हाय, फोरामिनिफेरा, म्हणजे न्युम्युलाइट्ससारखे कवचवाले एकपेशीय जीव, वापरून समुद्राचे थर दूरदूरपर्यंत जुळवता येतात पण नदीच्या गाळात त्याईचा उपयोग नाही, अन् खोल समुद्राच्या तळाले उंदराचे दात कुठून येणार, म्हणून किनाऱ्याजवळ दोन्ही एकाच खाणीत सापडले की मंग हिशोब लागते.

दुसरं, हिप्पॅरियन हा नामशेष झालेला घोडा दिसला की सगळीकडं थर एकाच वयाचा, हे लिहिलं ते काही पटलं नाही बा. तो अमेरिकेतून आला, युरोपात १.१ कोटी वर्षांच्या थोडं आधीच पोचला, हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिकात १.०७ कोटीच्या आसपास. एवढा फरक लहान नसते!

आमच्या वरोऱ्याकडं पिसदुऱ्याले डायनोसॉरची हाडं निघतात म्हणून सगळे तेच लिहितात. पण छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीले दख्खन ट्रॅपच्या, म्हणजे लाव्हाच्या खडकाच्या, दोन थरांच्या मधात समुद्रातले फोरामिनिफेरा सापडले, आता मधात कुठं समुद्र आला बाप्पा? नागपूरहून काही लय दूर नाही ते, पुढचा लेख त्याच्यावर येऊ द्या.