सोलापूर-मुंबई एक तास? कुणाचा तास?

काल विमानप्रवासाचे ते आकडे पुन्हा दिसले आणि टाळकंच सरकलं. सोलापूर ते मुंबई, हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, वेळ एक तास. एक तास म्हणे! हे लिहिणाऱ्याला एकदा होटगी रोडला, आमच्या सोलापूरच्या विमानतळावर आणून बसवा.

अण्णांना परळच्या हॉस्पिटलात दाखवायचं होतं. अपॉइंटमेंट दुपारी चारची, महिन्याभराने मिळालेली. म्हाताऱ्या माणसाला रेल्वेत साडेसहा तास बसवायला नको म्हणून विमान. आम्ही विमानतळावर, बोर्डिंग पास हातात, आणि मोबाईलवर मेसेज: विमान उशिरा. मग आणखी उशिरा. मग 'ऑपरेशनल कारणास्तव रद्द'. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणे, "सर, रिफंड सात दिवसांत येईल." अरे, रिफंड घेऊन काय डॉक्टरला दाखवू? अण्णा मांडीवर एक्सरेचं पाकीट धरून बसलेले. विचारतात, "मग आता डॉक्टर कधी बघणार रे?" काय सांगू त्यांना?

सकाळी सहाची वंदे भारत तोवर पार दौंड ओलांडून गेलेली. ती साडेबाराला सीएसएमटीला टेकते, म्हणजे चारच्या आत परळ आरामात झालं असतं. कुर्डुवाडी, दौंड, पुणे असा साडेचारशे किलोमीटरचा वळसा घालून रेल्वे वेळेत पोचते, आणि सरळ रेषेत उडणारं विमान जागचं हलत नाही!

आणि विमान सुटलं तरी एक तास कसला? आधी तासदीड तास जाऊन बसा, तिकडे बॅग घ्या, मग सांताक्रूझहून परळपर्यंत ट्रॅफिक. तो वेळ काय विमान कंपनीच्या खात्यातून जातो?

या विमानासाठी सोलापूरने काय कमी सोसलंय? सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून 2023 मध्ये पाडली. ऊस घालणारे शेतकरी आडवे झाले होते, तरी पाडली. का, तर विमान उडायला अडथळा. सप्टेंबर 2024 मध्ये विमानतळाचं थाटात उद्घाटन झालं, आणि पहिलं विमान गोव्याला उडायला जून 2025 उजाडला. उद्घाटन कशाचं केलं होतं बे, भिंतींचं? मुंबईला तर त्याहून उशीर. दुसऱ्या, नव्या विमानतळासाठी बोरामणीत शेतकऱ्यांनी जमिनी देऊन वर्षं लोटली, तिथे अजून माळरानच आहे.

पुण्या-मुंबईच्या लोकांचं एक विमान गेलं तर तासाभरात दुसरं असतं. आमचं एक रद्द झालं की तो दिवस बुडाला, संपला विषय.

रद्द करायचं तर करा, पण आदल्या दिवशी सकाळी दहाच्या आत सांगा. रेल्वेचं तत्काळ तिकीट काढता येईल. तेही जमत नसेल तर संध्याकाळपर्यंत सांगा, रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये टीसीच्या हातापाया पडून म्हाताऱ्याला बर्थ मिळवतो. पण माणूस आत घेऊन, बॅगा तपासून, मग 'रद्द' म्हणायचं नाही!