कलाकार आहात? मग पुढच्या वर्षाचा हिशोब दाखवा

जर्मनीत राहून चित्रं काढायची, नाटक करायचं किंवा तबला वाजवून पोट भरायचं ठरवलंय? अभिनंदन! तिथल्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात तुमची खास सोय आहे: कलम 21, पोटकलम 5. स्वतंत्र व्यावसायिकांचा परवाना. फक्त थोडी पथ्यं पाळा.

शक्यतो अमेरिकन किंवा जपानी म्हणून जन्म घ्या. त्यांना तिथं उतरल्यावर अर्ज करता येतो. आपल्याला आधी भारतातूनच राष्ट्रीय व्हिसा, फी 75 युरो, आणि मग वाट बघणं.

कलाकार व्हायचं ते पंचेचाळिशीच्या आत व्हा. त्यानंतर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते.

घरमालक असा शोधा, जो 'वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग'वर, म्हणजे तुम्ही त्याच्या घरात राहता या दाखल्यावर, सही करेल. हा शब्द नीट उच्चारता येईपर्यंत पत्ता नोंदवायची दोन आठवड्यांची मुदत संपलेली असते.

आरोग्यविम्याचं तर उत्तमच. प्रवासी विमा चालत नाही. कलाकारांच्या सामाजिक निधीत, म्हणजे क्युन्स्टलरसोत्सियालकासेत, नाव लागलं तर निम्मा हप्ता निधी भरतो. वर्षाला कलेतून 3,900 युरोंच्या वर कमाई हवी, नवख्यांना पहिली तीन वर्षं सूट. शहाणी व्यवस्था आहे, खोटं कशाला बोलू. पण निधीला काम सुरू असल्याचा पुरावा हवा, कामाला परवाना हवा, आणि परवान्याला विमा हवा. वेड गेल्याशिवाय लग्न होईना, लग्न झाल्याशिवाय वेड जाईना.

मग जमाखर्चाचा अंदाज. फेब्रुवारीत कोण बोलावणार हे देवालाही ठाऊक नसतं. तुम्ही रकान्यात आकडा भरा.

आता पत्रं. हे पथ्य सर्वांत सोपं. स्थानिक गिऱ्हाइकांकडून 'आम्ही यांना काम देऊ इच्छितो' अशी पत्रं आणायची. त्यात काय हवं? लेटरहेड, कामाचं स्वरूप, कधीपासून कधीपर्यंत, अंदाजे मानधन, सही. संपलं. आणि तुम्हाला मिळतं काय? 'या विलक्षण कलाकारासोबतच्या सर्जनशील संवादाची आम्हाला उत्सुकता आहे.' वा! खिडकीपलीकडचा अधिकारी ते वाचतो आणि एकच प्रश्न विचारतो, किती युरो? उत्सुकतेचे किती युरो होतात? मानधन लिहा म्हटलं की उत्तर येतं, 'आकडा लिहिला तर आम्ही बांधले जाऊ.' मग मसुदा परत. पुन्हा मसुदा, पुन्हा परत. गेल्या आठवड्यात पाचव्यांदा आला, या वेळी 'उत्सुकता'च्या जागी 'मनःपूर्वक उत्सुकता' घालून. अहो, ते इरादापत्र आहे, करारपत्र नव्हे! काम झालंच नाही तर कोणी तुमच्या दारात वसुलीला येणार नाही.

कॅफेत बशा धुवून भागवू म्हणाल, तर परवान्यासोबतचं पुरवणीपत्र वाचा. जो व्यवसाय लिहिलाय तोच करायचा.

नूतनीकरणाची तारीख मिळेपर्यंत घडीचा एक कागद मिळतो, फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे तात्पुरता दाखला, 13 युरो. आत कुठल्या चौकोनात फुली आहे ते तिथंच बघा. कलम 81, पोटकलम 4 असेल तर बाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम 3 असेल तर पुण्यातला डिसेंबर विसरा. पोटकलम 4 असूनही विमानतळाच्या काउंटरवर तो कागद उलटासुलटा करून बघतील, ते वेगळं. दौरे बुडाले की कमाई घटते, आणि पुढच्या नूतनीकरणाला विचारतात, कमाई का घटली?

हे सगळं कायद्याचं झालं, आणि कायदा निदान छापलेला तरी असतो. महोत्सववाल्यांनो, गॅलरीवाल्यांनो, तुमचं काय? पोस्टरवर आमचा चेहरा चालतो. अनुदानाच्या अर्जात 'विविधता' म्हणून आमचं नाव चालतं, तिथं आकडेही अगदी सेंटपर्यंत भरता. आणि त्याच माणसाला देशात राहता यावं म्हणून चार ओळी लिहायच्या तर हात आखडतो? लाज वाटू द्या थोडी. लेटरहेड तुमच्याच खणात आहे. आकडा घाला आणि सही करा, सोमवारच्या आत.