‘चोराच्या हातात घराचा नकाशा’ : फोंड्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

सोसायटीच्या ऑफिसातल्या जुन्या संगणकावरच्या माझ्या लेखाला तुम्ही दिलेली प्रतिक्रिया रागाने लिहिलेली आहे, पण विचार करून लिहिलेली आहे. खाली दोन ओळी खरडून तिची बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी दोन्ही वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ ज्या मशिनवर चढत नाही, ते भंगारात काढण्याऐवजी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट, उघड्या कोडची यंत्रणा आणि तशाच उघड्या कोडचे लिब्रे ऑफिस व फायरफॉक्स ब्राउझर घालावेत, असं मी सुचवलं होतं. शिवाय सभासदांच्या आणि भाडेकरूंच्या आधार कार्डाच्या प्रती व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवणं बंद करा, असंही म्हटलं होतं. यावर बँकेत उभी हयात काढलेल्या या काकांचं म्हणणं असं: ज्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो ते सॉफ्टवेअर वापरणं म्हणजे चोराच्या हातात घराचा नकाशा देणं, आणि एक्सझेड प्रकरणाने ते सिद्ध केलं आहे. फुकटच्या मालाला वाली नसतो, उद्या नुकसान झालं तर कुणाच्या दारात उभं राहायचं? आणि शेवटी, आम्हा साध्या माणसांकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?

एक्सझेडपासूनच सुरुवात करतो, कारण तुमच्या हातातला सगळ्यात वजनदार दगड तोच आहे.

एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारं छोटंसं साधन, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतं. लासे कोलिन नावाचा फिनलंडचा एक प्रोग्रामर ते वर्षानुवर्षं एकट्याने, बिनपगारी सांभाळत होता. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी त्याला सुधारणा पाठवू लागलं. कामही चांगलं असायचं. मग भलत्याच नावांनी लोक कोलिनच्या मागे लागले: तुझं काम हळू चालतं, दुसऱ्या कुणाकडे सोपव. आपली मानसिक तब्येत बरी नाही, हा आपला फावल्या वेळचा उद्योग आहे, असं त्या बिचाऱ्याने २०२२ मध्ये उघडपणे लिहिलंही होतं. हळूहळू ‘जिया टॅन’ला अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० या आवृत्तीत आणि पुढच्याच महिन्यातल्या ५.६.१ मध्ये चोरदरवाजा होता. ज्याच्याकडे ठरावीक किल्ली आहे त्याला एसएसएचमधून (लांबच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) दुसऱ्याच्या सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता यावी, अशी ती योजना होती.

इथपर्यंत तुम्ही सांगता तसंच आहे. आता पुढचं बघा. हा चोरदरवाजा ठेवला कुठे होता? सगळे ज्या ठिकाणी कोड वाचतात, तिथे तो सुरू करणारी ओळ नव्हतीच. ती फक्त वाटपासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या एका स्क्रिप्टमध्ये घुसडलेली होती आणि मुख्य विष चाचणीसाठी म्हणून ठेवलेल्या, माणसाला वाचता न येणाऱ्या फायलींमध्ये होतं. म्हणजे सगळे अधिकार हातात आल्यावरसुद्धा त्या माणसाला (किंवा माणसांना) आपलं काम उजेडात करायची हिंमत झाली नाही. उघडा कोड चोराच्या सोयीचा असता तर एवढा खटाटोप त्याने कशासाठी केला असता?

आणि पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉयंड. हा पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चाचण्या घेत होता. एसएसएचने लॉग इन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय आणि प्रोसेसर उगाच राबतोय, हे त्याच्या लक्षात आलं. तो खोलात शिरला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सगळं जाहीर केलं. त्याची नोकरी, काका, मायक्रोसॉफ्टमध्ये. ज्या कंपनीचं नाव तुम्ही भरवशाचं म्हणून घेता, तिच्याच माणसाने दुसऱ्याचं सॉफ्टवेअर कुणाची परवानगी न मागता उसवून बघितलं. ते बंद सॉफ्टवेअर असतं तर तो जास्तीत जास्त तक्रार नोंदवून उत्तराची वाट बघत बसला असता.

नशिबाचा भाग त्यात मोठा होता, हे मी नाकारत नाही. त्या आवृत्त्या डेबियन या लिनक्सच्या स्थिर शाखेत किंवा मिंट ज्यावर उभं आहे त्या उबंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांत पोचायच्या आत प्रकरण फुटलं. फ्रॉयंड त्या दिवशी घाईत असता तर? ‘हजारो लोक कोड वाचतात म्हणून तो सुरक्षित’ असं काहीजण छातीठोकपणे सांगतात. मी सांगणार नाही. तुम्ही नाव घेतलं नाही, पण हार्टब्लीड त्याहून वाईट होतं. संकेतस्थळांची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या उघड्या कोडच्या सॉफ्टवेअरमधली ती चूक मार्च २०१२ मध्ये बाहेर पडली आणि एप्रिल २०१४ पर्यंत कुणाच्या नजरेला आली नाही. दोन वर्षं कोड सगळ्यांसमोर पडून होता. वाचायची मुभा सगळ्यांना होती आणि वाचत कुणीच नव्हतं.

पण तुलना करायची तर दोन्हीकडची करायला हवी. सोलरविंड्स कंपनीचं ओरायन हे संगणकांच्या जाळ्यावर नजर ठेवणारं बंद सॉफ्टवेअर, मोठमोठ्या कंपन्या आणि अमेरिकी सरकारी खाती पैसे मोजून वापरत होती. २०२० मध्ये त्याच्या अपडेटमध्येच हल्लेखोरांनी आपला कोड मिसळला. त्यावर कंपनीची अधिकृत डिजिटल सही होती, आणि सुमारे १८ हजार ग्राहकांपर्यंत ते अपडेट पोचलं. मार्चपासून सुरू झालेला हा प्रकार डिसेंबरमध्ये उघडकीला आला, तोही फायरआय या सुरक्षा कंपनीच्या स्वतःच्याच घरात चोरी झाली म्हणून. ग्राहकांपैकी कुणाला संशय आला असता तरी कंपनीचा कोड उघडून बघण्याचा हक्क त्याला नव्हता. एक्सझेडला पाचेक आठवडे लागले, इथे नऊ महिने. दोनच उदाहरणांवरून मी नियम काढत नाही. फक्त एकाच उदाहरणावरून तुम्हीही काढू नका.

आता नकाशा. बँकेतला माणूस हे म्हणतो याचं मला खरोखर नवल वाटलं. तुमची पेन्शन ज्या संकेतस्थळावर तुम्ही बघता, तिथल्या ब्राउझरमधल्या कुलपामागे बहुतेक वेळा एईएस ही माहिती कुलूपबंद करण्याची पद्धत असते. ही पद्धत अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९७ मध्ये जाहीर स्पर्धा मांडून निवडली. जगभरच्या तज्ज्ञांना सगळे प्रस्ताव फोडून दाखवायचं आवाहन होतं, आणि दोन बेल्जियन माणसांचा प्रस्ताव टिकला. २००१ पासून ती प्रमाण आहे आणि तिची प्रत्येक पायरी कुणीही वाचू शकतो. कुलपाची रचना शत्रूला पाठ असली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती किल्ली, हा विचार तर ऑग्युस्त केर्कहॉफ्सने १८८३ मध्येच मांडला होता. उलट मोबाइलच्या जीएसएम जाळ्यासाठी ए५/१ नावाची पद्धत गुप्त ठेवून बघितली. नव्वदच्या दशकातच ती बाहेर आली आणि पुढे मोडलीही.

आपल्या गोव्यात याचा एक चांगला नमुना आहे. कुठल्याही गावचा सर्व्हे नंबर टाकला की जमिनीचा एक-चौदाचा उतारा ऑनलाइन दिसतो, कब्जेदार म्हणून कुणाचं नाव आहे तेही कळतं. जमीन हडपणाऱ्यांना याचा फायदा होत असेल का? होत असेल. मालक बोटीवर, गल्फमध्ये किंवा लिस्बनला, घर बंद, हे हेरायला उतारा उपयोगी पडतोच. जून २०२२ मध्ये सरकारला एसआयटी नेमावी लागली, पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग आला, ती प्रकरणं आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रांत वाचली आहेत. मेलेल्या माणसांच्या आणि परदेशी गेलेल्यांच्या जमिनी बनावट कागदांवर फिरवल्या गेल्या. पण म्हणून उतारा कपाटात बंद करा, फक्त मामलेदाराला बघू द्या, असं तुम्ही म्हणाल का? मग दुबईत बसलेल्या पोराला आपल्या आजोबांच्या नावाच्या जागी तिऱ्हाईताचं नाव चढलंय हे कळणार कधी? उघडा उतारा चोरी थांबवत नाही. मालकाला तो बघता येतो, एवढंच. त्यासाठी मालकाने अधूनमधून बघायला मात्र हवं.

वाली कोण, हा प्रश्न तुम्ही तिरकसपणे विचारलात. तरी तुमच्या पत्रातला मला सगळ्यात पटलेला भाग तोच.

आधी कायद्याचं बघू. लिनक्सच्या परवान्यात ‘कसलीही हमी नाही’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आता विंडोज १० चा परवाना काढून वाचा, जो आपण सगळ्यांनी न वाचता मान्य केला आहे. नुकसान झालं तर फार तर सॉफ्टवेअरला मोजलेल्या किमतीइतकी भरपाई, तीही फक्त थेट नुकसानीची. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने फायली कुलूपबंद केलेल्या किती दुकानदारांनी मायक्रोसॉफ्टच्या रेडमंडमधल्या दारात उभं राहून पैसे आणले? तेव्हा या बाबतीत दोघेही सारखेच हात वर करतात. फरक असेल तर सेवेत. पैसे घेऊन लिनक्स सांभाळून देणाऱ्या कंपन्याही आहेत, पण सोसायटीच्या एका मशिनसाठी त्यांना कुणी बोलावणार नाही. तिथे म्हापशाचा किंवा फोंड्याचा नेहमीचा कॉम्प्युटरवालाच येणार, विंडोज असो की मिंट.

खरा वाली हवा आहे तो कोड सांभाळणाऱ्यांना. कोलिन एकटा होता म्हणून एक्सझेड घडलं. हार्टब्लीडच्या वेळी अर्ध्या जगाचे व्यवहार ज्याच्या आधाराने चालत होते, त्या ओपनएसएसएलला वर्षाला दोनेक हजार डॉलर देणगी मिळत होती. दोन हजार डॉलर! कळंगुटला डिसेंबरात एखादी चांगली खोली आठवडाभर घेतली तर तेवढे उडतील. ओपन सोर्स, म्हणजे उघड्या कोडचं सॉफ्टवेअर, वापरा असं सांगणारं धोरण केंद्र सरकारने २०१५ मध्ये केलं. ते लिहिणाऱ्यांची चूल कशी पेटते, हा विचार करून जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी पैशातून एक निधी सुरू केला. आपल्याकडे फुकट मिळतं म्हणून घेणारेच जास्त, सरकारी खात्यांपासून स्टार्टअपपर्यंत. हा राग तुमचा असेल तर तो मलाही आहे.

राहिला शेवटचा प्रश्न. आपल्याकडे लपवण्यासारखं काय?

काका, तुम्ही बँकेत होता, तुम्हाला एईपीएस सांगायला नको. आधार नंबर आणि अंगठा यांवर गावातल्या बँक मित्राकडून पैसे काढता येतात. २०२३ मध्ये बंगालमध्ये आणि कर्नाटकात लोकांच्या खात्यांतून असे पैसे गेल्याच्या तक्रारी आल्या. ना ओटीपी, ना लिंक, ना फोन. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे आणि आधार नंबर उचलून नकली ठसे बनवल्याचा संशय होता. कर्नाटकाच्या नोंदणी खात्याला दस्तांमधले ते तपशील झाकायला सुरुवात करावी लागली. ज्यांचे पैसे गेले त्यांनी काय पाप केलं होतं? जमीन विकली होती किंवा घेतली होती.

आता आपल्याकडे आधारची प्रत कुठेकुठे पडलेली असते ते आठवा. गेस्ट हाऊसचा काउंटर, स्कूटर भाड्याने देणारा, सिम विकणारा, झेरॉक्सवाल्याच्या टेबलाखालचा खराब प्रतींचा ढीग. आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, जिथून ती प्रत सगळ्या सभासदांच्या गॅलरीत जाते, तिथून त्यांच्या बॅकअपमध्ये, आणि सेक्रेटरी बदलला तरी तिथेच राहते. व्हॉट्सअ‍ॅप एनक्रिप्टेड आहे हे तुमचं म्हणणं बरोबर. २०१६ पासून आहे, आणि गंमत अशी की त्यासाठी वापरलेली सिग्नल या दुसऱ्या अ‍ॅपची पद्धत उघडीच आहे. पण ते कुलूप वाटेतल्या चोरासाठी. पोचल्यानंतर प्रत कुणाच्या हातात पडते, त्याच्याशी त्याचा संबंध नाही.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने ‘प्रती सरसकट देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या’ अशी सूचना काढली आणि दोनच दिवसांत सरकारने ती मागे घेतली. सूचना गेली, मास्क्ड आधारची सोय आहे तशीच आहे. बोटांचे ठसे लॉक करण्याचीही आहे, आधारच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये. हे दोन्ही करायला लिनक्स लागत नाही, फायरफॉक्सही लागत नाही. माझं बाकी सगळं फेटाळा, पण काकींच्या आणि तुमच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक आज संध्याकाळी करून टाका.

तुमच्या स्वतःच्या संगणकाबद्दल तुम्ही विचारलंय, तर तो विंडोज ११ वर व्यवस्थित चालतोय. त्याला हात लावू नका. सोसायटीच्या मशिनबाबत एक अडचण खरी आहे. ऑडिटसाठी किंवा टॅक्ससाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावायचा असेल तर त्याची सॉफ्टवेअरं बहुधा विंडोजवरच नीट चालतात, आणि तिथे मिंटवर झटापट करत बसण्यात अर्थ नाही. ते काम तुमच्या सीएच्या ऑफिसात होत असेल तर प्रश्नच मिटला. होत नसेल तर विंडोज १० ला ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ घेता येते, ती घ्या आणि तेवढ्यात नव्या मशिनसाठी वार्षिक सभेत ठराव मांडा. टोकन कुठल्या कंपनीचा आहे ते खाली लिहा, लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर निघालाय का ते बघून सांगतो.